पाटाच्या कडेने

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने सायकलीवरून प्रवासास निघावे, यात लोकांना हसण्यासारखे काय वाटते ते मला अद्याप उमगलेले नाही. गेल्या जानेवारीत मी दोन दिवसांची रजा मागितली आणि रजेचे कारण म्हणून जे खरे होते तेच लिहिले. तेव्हा आमचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "सर, घरगुती काम असे लिहा. हे बरे दिसत नाही." घरी पत्नीने एवढेच विचारले, "गुडघ्यांची संमती घेतली आहे ना?" गुडघ्यांचा प्रश्नच नव्हता. मी ज्या वाटेने जाणार होतो त्या वाटेवर चढ नव्हता.

आमचा नगर जिल्हा, ज्याला सरकारी कागदांत २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, चढउतारांच्या बाबतीत मोठा पक्षपाती आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात त्याने सगळे डोंगर एकवटून ठेवले आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे कळसूबाईचे शिखर, १६४६ मीटर, तेथलेच. परंतु राहाता, श्रीरामपूर, नेवासे या बाजूला आले म्हणजे जमीन अशी पसरते की, क्षितिजापर्यंत दृष्टीला अडवणारी वस्तू साखर कारखान्याच्या धुराड्यावाचून दुसरी नाही. या सपाटीवरही मला डांबरी सडकेने जावयाचे नव्हते. हंगामात त्या सडकेवर उसाच्या ट्रॉल्यांचे राज्य असते आणि त्या राज्यात सायकलस्वाराला नागरिकत्व नाही. मी निवडली होती ती प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून जाणारी मुरमाड वाट. आमच्याकडे कालव्याला पाट म्हणतात आणि त्या वाटेला पाटाचा रस्ता.

पाण्याचा व सायकलस्वाराचा स्वभाव एकच, हे ज्याला प्रथम कळले असेल त्याने नक्कीच पाटाच्या कडेने सायकल हाकली असली पाहिजे. दोघेही चढाला भितात. कालवा आखणारा इंजिनियर मैलामागे फूट-दोन फूट एवढाच उतार देतो; वाटेत उंचवटा आला की त्याला वळसा घालतो, ओढा आला की ओढ्यावरून पाणी पलीकडे नेतो. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याला आपण उतरत आहोत असे कधी वाटत नाही. फक्त आज पाय काहीसे हलके आहेत असे वाटते, आणि त्याचे श्रेय तो आपल्या प्रकृतीला देतो.

इंग्रजी वाङ्मय शिकवून ज्याने तीस वर्षे पोट भरले, त्याला अशा वाटेवर इंग्लंडची आठवण होऊ नये हे अशक्य. तिकडे नद्यांच्या व कालव्यांच्या काठाने घोड्यांची वाट असे. घोडा काठाने चाले आणि त्याच्या मागे दोराला बांधलेली मालाची नाव पाण्यातून सरके. त्या वाटेला ते लोक 'टोपाथ' म्हणतात. पुढे आगगाडी आली, घोडे गेले, आणि आता त्या वाटांवरून हौशी लोक सायकली फिरवतात. जेरोमचे तीन मित्र १८८९ साली थेम्समधून नाव घेऊन निघाले तेव्हा त्यांनीही आपली नाव काही अंतर काठावरून ओढवली होती. स्टीव्हन्सन तर त्यापूर्वीच, १८७८ साली, बेल्जियम व फ्रान्समधील कालव्यांचे वर्णन लिहून मोकळा झाला होता. ही पुस्तके मी वर्गात रसभरित रीतीने शिकवली आहेत. पण ती शिकवताना एक प्रश्न मनात येई: आमच्या पाटात नाव नाही, ती ओढणारा घोडा नाही; मग आमच्या पाटाच्या कडेला ही वाट कोणासाठी?

प्रश्नाचे उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होते. ती वाट पाटकऱ्यासाठी. माझे वडील पाटकरी होते.

पाटकरी म्हणजे काय, हे शहरातील वाचकांना सांगितले पाहिजे. पाटाला पाणी सुटले की ते मुख्य पाटातून चाऱ्यांना, चाऱ्यांतून पोटचाऱ्यांना आणि तेथून शेताच्या बांधाला द्यावयाचे. कोणाची पाळी केव्हा, किती तास, हे यादीवरून पाहावयाचे. दारे उघडावयाची व मिटवावयाची. आणि रात्री कोणी भराव फोडला तर सकाळी तो बुजवून वर शिव्याही खावयाच्या. हे सारे आमच्या अण्णांनी एका काळ्या बावीस इंची सायकलीवरून केले. कॅरियरला फावडे, हँडलला कंदील, खिशात चाव्यांचा जुडगा. आणि सुटीच्या दिवशी पुढच्या दांडीवर टॉवेलाची घडी घालून बसवलेला मी.

असो. मी ओझरला आलो. संगमनेरच्या खाली प्रवरेवर ओझरचा बंधारा आहे; तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. त्यांना पाणी मिळते भंडारदऱ्याचे. ते धरण १९१० साली बांधावयास घेतले आणि १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. धरणातून सुटलेले पाणी निळवंड्याच्या नव्या धरणातून नदीच्याच पात्राने अकोले व संगमनेर ओलांडून येथवर येते, आणि येथे ते नदीचे उरत नाही. हा बदल डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. बंधाऱ्याच्या वर नदी नदीसारखी ऐसपैस, काहीशी बेशिस्त. दारातून पलीकडे गेले की तेच पाणी दोन भरावांच्या मध्ये खाली मान घालून चालू लागते. रब्बीचे आवर्तन चालू होते. पाट काठोकाठ भरला होता. सकाळची थंडी, पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा, एका बाजूला लिंब आणि बाभळी; मी घंटी वाजवून, म्हणजे कोणी ऐकावयास नसताना उगाच वाजवून, निघालो.

पहिल्या दिवसाचा प्रवास सुखाचा होता, आणि सुखाचे वर्णन लांबवू नये. बाभळीच्या काट्याने एकदा पुढचे चाक गेले, तेव्हा एका मोटेच्या जुन्या थारोळ्यावर बसून मी ट्यूबला ठिगळ लावले; बघ्यांपैकी एका मुलाने मला पंप मारण्याची शास्त्रशुद्ध रीत शिकवली. आश्वीच्या बाजूला उसाचा गर्द वास सुरू झाला, तो लोणी-प्रवरानगरपर्यंत नाकातून हलला नाही. येथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाटाच्या कडेने जाताना या कर्तृत्वाचे दुसरे नाव आपोआप वाचता येते: ते नाव पाणी. दख्खनचे हे पाट खोदले गेले ते दुष्काळात माणसांचा व ज्वारीचा जीव वाचवावा म्हणून. पण बारमाही पाणी दिसले की शेतकऱ्याला ऊस दिसतो, आणि त्याला दोष कोण देणार? विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात नोकरीला असतानाच ही ओढ ओळखून होते. पाणी एकाच ठिकाणी उसात मुरू नये, ते पुष्कळ गावांना पोहोचावे म्हणून त्यांनी ब्लॉकपद्धती काढली. कागदावर ती फार सुंदर आहे.

दुपारनंतर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ती इतकी साधी आहे की, पाटकऱ्याच्या मुलाला ती पंचावन्नाव्या वर्षी कळावी याची लाज वाटते. नदीच्या काठाने जो प्रवास करतो त्याची सोबतीण वाटेत मोठी होत जाते. प्रवरेला आढळा मिळते, म्हाळुंगी मिळते, नेवाशाच्या बाजूला मुळा मिळते, आणि टोक्याला गोदावरीत शिरते तेव्हा ती एक मोठी संसारी बाई झालेली असते. तिच्या काठी दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या मूर्ती निघाल्या, त्यांत दोन बैलांचा एक रथ आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली. नदीने मिळवावे, साठवावे, मिरवावे. पाटाचे याच्या उलट आहे. त्याला वाटेत कोणी मिळत नाही. प्रत्येक दाराशी तो काही देतो आणि तितका अरुंद होतो. ओझरला ज्यात हत्ती बुडेल असे वाटले, तो श्रीरामपूरपर्यंत म्हशीच्या बेताचा झाला होता. डावा पाट सारा पाऊणशे किलोमीटरांच्या घरात आहे. तेवढ्या अंतरात एक जलाशय संपत संपत शेतातली सरी होतो. थेम्सच्या काठाने जाणारे ऑक्सफर्डला किंवा लंडनला पोहोचतात. पाटाच्या काठाने जाणारा कोठेच पोहोचत नाही.

मुक्काम श्रीरामपूरच्या अलीकडे एका वस्तीवर होता. हा माझा जुना विद्यार्थी. वर्गात पहिला आलेला, इंग्रजीत एम.ए. झालेला. त्याने दुरूनच सायकल ओळखली व धावत येऊन हँडल धरले. "सर, खाली ठेवू नका, मी घेतो." अंगणात खाट, चुलीवर भाकरी, हुरड्याची कणसे, असे सारे झाल्यावर तो मला आपली विहीर दाखवावयास घेऊन गेला. तिला बाराही महिने पाणी असते ते पाटाच्या पाझराचे. "पाट आमचा नव्हे सर, आम्ही पाझरावर जगतो," तो हसून म्हणाला. "पाटाला आता कुठे कुठे अस्तर करायला लागलेत. गळती थांबेल, पाणी पुढं जाईल. पुढच्यांचं भलं होईल ते खरंच आहे."

मग काही वेळ तो गप्प राहिला. नंतर, मला पाणी द्यावे इतक्या सहजतेने, त्याने विचारले, "सर, तुम्हांला आठवतं का, तुम्ही मला म्हणाला होता, धीर धर, या वर्षी जाहिरात निघेल?"

मला आठवत नव्हते. मी तसे अनेकांना म्हणालो आहे. एम.ए. झालेली, पात्रता-परीक्षा दिलेली, तासिकेवर शिकवणारी मुले दिवाळीत पेढे घेऊन येतात आणि उंबऱ्यात उभी राहून विचारतात: सर, जागा निघतील का? त्यांना काय सांगावयाचे? कॉलेजात काय चालले आहे ते मला दिसत असते. पण समोर पोराचा चेहरा असतो, हातात त्याच्या पेढ्यांचा पुडा असतो. निघतील रे, मी म्हणतो. या वर्षी निघतील.

"सात वर्षं काढली सर त्या शब्दावर," तो म्हणाला. "तासिकेचे पैसे वर्षातून एकदा यायचे. मग वडील गेले, मी शेतीवर आलो. तसं बरं चाललंय." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तक्रार असती तर मला ते अधिक सोयीचे झाले असते. रात्री त्याच्या आईने मला तिसरी भाकरी आग्रहाने वाढली.

झोप लागेना. पाटाचे पाणी रात्री वाजते; दिवसा वाजत नाही असे नाही, पण दिवसा ते ऐकू येत नाही. त्या आवाजात मला एक फार जुनी दुपार आठवू लागली.

मी अकरा वर्षांचा असेन. उन्हाळ्याची शेवटची पाळी होती. तो पाट हा नव्हे. कोणता व गाव कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. अण्णा मला दांडीवर बसवून अगदी शेवटच्या चारीवर गेले होते. या शेवटाला सगळीकडे 'टेल' म्हणतात. हा शब्द इंग्रजी आहे हे मला पुढे शाळेत कळले, तोवर तो मला शेवट, मुक्काम, नशीब अशा अर्थाचा एखादा मराठी शब्दच वाटे. चारी कोरडी होती. वरच्या अंगाला रात्री कोणी भराव फोडून पाणी वळवले होते, आणि पाळी त्याच संध्याकाळी बंद व्हावयाची होती. तशी चिठ्ठी अण्णांच्या खिशात होती. बांधावर एक बाई उभी होती. तिच्यामागे मोसंबीची झाडे होती, पाने वळलेली. तिने पाणीपट्टी भरली होती, अर्ज केला होता, सारे रीतसर होते. ती म्हणाली, "भाऊ, माझी बारी कधी?"

अण्णांनी कोरड्या चारीकडे पाहिले आणि ते म्हणाले, "परवा."

बाईचे तोंड उजळले. तिने मला झाडाखालून एक मोसंबी उचलून दिली. लिंबाएवढी, सालीला सुरकुत्या पडलेली. परतताना मी ती सोलीत दांडीवर बसलो होतो. मी विचारले, "अण्णा, परवा येईल पाणी?"

"नाही येणार."

"मग तुम्ही परवा का म्हणालात?"

बराच वेळ नुसती साखळी वाजत राहिली. मग ते म्हणाले, "दोन रात्री झोपेल तरी ती."

या वाक्याचा मी आयुष्यभर वेगवेगळा निकाल लावला आहे. त्या वयात मला माझे वडील फार दयाळू वाटले. पुढे कॉलेजात नीतिशास्त्राची पुस्तके हाती आली, तेव्हा कान्टच्या शाळेतून मी त्यांना सरळ दोषी ठरवले: असत्य ते असत्य, कोणाच्या झोपेसाठी का असेना. चाळिशीत संसाराचा व नोकरीचा अनुभव आल्यावर मला वाटू लागले की, ते दया करीत नव्हते व लबाडीही करीत नव्हते. ते फक्त थकले होते. ज्या माणसाच्या हाती दाराची चावी आहे पण पाणी नाही, त्याने तरी काय सांगावे? आता त्या वस्तीवर, विद्यार्थ्याच्या घोंगडीखाली, मला चौथी गोष्ट सुचली. झोप कोणाला लागावयाची होती? 'येणार नाही' असे म्हटले असते तर बाई तेथेच बांधावर बसली असती, कदाचित रडली असती, कदाचित भांडली असती. आणि आम्हांला निघता आले नसते. 'परवा' म्हटल्यामुळे आम्ही निघालो. शिवाय तिने त्या दोन दिवसांत काय केले असते ते मला ठाऊक नाही. शेजारच्या विहिरीवरून घागरीने चार झाडे तरी वाचवली असती का? आशा लावून ठेवणे म्हणजे माणसाचे दोन दिवस काढून घेणे. कोणाचे दोन दिवस, कोणाची सात वर्षे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याने सायकलीच्या साखळीला तेल घातले आणि पाटापर्यंत पोहोचवावयास आला. निघताना मी त्याला म्हणालो, "त्या वेळी मला ठाऊक होतं, जागा निघायच्या नाहीत." तो म्हणाला, "मला पण ठाऊक होतं सर." आणि मग, "टेलकडे रस्ता खराब आहे, सांभाळून जा."

रस्ता खराबच होता. श्रीरामपूर मागे पडल्यावर पाटाने उरलेला संकोच टाकून दिला व तो चारी होऊन शेतांत शिरला. वाट कोठे नांगरून शेतात घेतलेली, कोठे वेड्या बाभळींनी बुजवलेली. मधून मधून जमिनीवर पांढरी खारवट पापुद्री दिसे. वरच्या अंगाला अति पाणी आणि पुढे पाण्याचा थेंब नाही, हे दोन्ही रोग एका दिवसाच्या अंतरावर पाहावयास मिळतात. पाण्याची धार आधी घोट्याएवढी, मग बोटाएवढी, आणि एका मोरीपाशी ती ओल्या मातीत संपली. पुढे कोरडी चारी. आवर्तन अजून येथवर यावयाचे होते, किंवा यावयाचे नव्हते.

निळवंडे धरण १९७० साली मंजूर झाले आणि त्याच्या डाव्या कालव्यात पाणी आले ते २०२३ साली. त्या कालव्याच्या गावांनी त्रेपन्न वर्षे वाट पाहिली. एवढ्या काळात किती माणसे किती वेळा 'परवा' म्हणाली असतील, याचा हिशेब मी सायकल हातात धरून चालता चालता करू लागलो, आणि सोडून दिला.

कोरड्या चारीच्या कडेने आणखी कोसभर गेलो. एका बांधावर गव्हाच्या तुकड्यापाशी एक म्हातारी बसली होती. मला येताना पाहून ती उठली, डोळ्यांवर हात धरून तिने नीट पाहिले आणि लगबगीने चारीपर्यंत आली. मी आधी मागे वळून पाहिले, कोणी दुसरे येत आहे की काय म्हणून. कोणी नव्हते. पाटाच्या कडेने, या वयाचा, सायकलीवर, डोक्याला टोपी. मी कोण असणार?

"दादा," ती म्हणाली, "पानी कधी यायचं वो?"

तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता. इतका तयार की, दात मिटून मला तो अडवावा लागला.

"मावशी, मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "मी पाटाचा माणूस नव्हे."

तिने माझ्याकडे, सायकलीकडे, कॅरियरला बांधलेल्या गाठोड्याकडे पाहिले. "मंग पाटानं कशाला आले?"

याला मला उत्तर सुचले नाही. जेरोमचे व स्टीव्हन्सनचे नाव त्या ठिकाणी घेण्यासारखे नव्हते. तिनेच मग फार वेळ न घालवता मला झाडाखाली बसवले आणि तांब्याभर पाणी दिले. ते बोअरचे होते, मचूळ. निघताना ती म्हणाली, "वर कोनी भेटलं तर इचारा तेवढं."

मी ते काम मनावर घेतले. मागे वळलो, आणि कोसभर वर, जेथे ओल संपत होती त्या मोरीवर मला पाटकरी भेटला. तिशीतला, मोटारसायकलवर, कानाला मोबाइल. त्याचे बोलणे संपेपर्यंत मी थांबलो. मग टेलच्या चारीला पाणी केव्हा येणार ते विचारले. त्याने पाटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि अगदी सौजन्याने सांगितले, "परवा, काका."

ऊन कलले होते. म्हातारी कोसभर मागे राहिली होती. निरोप पोहोचवावयाचा तर परत फिरावयास हवे होते. मी सायकल वळवली नाही. आणि खरे सांगावयाचे तर, बराच वेळ तिच्यावर चढलोही नाही.